काही दिवस कच्चं लिंबू हो

प्रिय मावशी,

मी डोंबिवलीला राहते, ठाण्यात एका बँकेत नोकरीला आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. संध्याकाळी सव्वासातला घरात शिरले, की चपला काढायच्या आत तो "आई, खेळ ना" म्हणत हात ओढतो. मी बसतेही. पण पाच मिनिटांत डोळे घड्याळाकडे जातात, कुकर लावायचा असतो, हात मोबाइलकडे जातो. त्याच्या गाड्या एकाच रस्त्याने वीस वेळा जातात आणि एकविसाव्या वेळी मला चक्क जांभई येते. मग वेळ कारणी लागावा म्हणून मी विचारते, ही गाडी कुठल्या रंगाची, एकूण किती गाड्या झाल्या, इंग्रजीत काय म्हणतात. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "आई, तू खेळत नाहीस, तू शिकवतेस." आणि गाड्या उचलून आतल्या खोलीत निघून गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी त्याचे बाबा त्याच्याशी क्रिकेट खेळतात. त्यामुळे बाबा मजेचे आणि आई अभ्यासाची. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कोण बसत होतं पोरांशी खेळत? तरी वाढलीच ना सगळी!" लहानपणी बार्शीला मी दिवसभर खेळायचे हो. सागरगोट्यांत मला कुणी हरवू शकायचं नाही. ती मुलगी कुठे गेली? खेळायचा आनंद परत येतो का, की माझ्यातच काही कमी आहे?

मला अगंतुगं केलंत तरी चालेल.

– एक कंटाळलेली आई

---

प्रिय मुली,

तू म्हणालीस म्हणून अगंतुगंच करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या जांभईपाशी थांबले. ती तू लपवली नाहीस, याचं मला फार बरं वाटलं. मी २८ वर्षं बालवाडीची ताई होते. पालकसभांत "मुलाशी खेळायचा कंटाळा येतो" असं कुणी मोठ्याने म्हणत नसे. सभा संपली, की चपला घालता घालता एखादी आई जवळ यायची आणि हळूच सांगायची. अशा इतक्या जणी मी ऐकल्या आहेत, की तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. तुझ्यात काहीही कमी नाही.

सासूबाईंचं बोलणं तुला टोचलं असेल, पण त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या काळात मोठी माणसं मुलांशी खेळत नसत, कारण तशी वेळच येत नसे. मुलांशी मुलं खेळायची. वाड्यात, आळीत, चाळीच्या गॅलरीत चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची वीस-पंचवीस डोकी असायची. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन ठिकरी खेळायची. नियम काय, राज्य कुणावर, रडणाऱ्याची समजूत कोण काढणार, हे सगळं ती पोरंच बघायची. आईचं काम एवढंच, की दिवेलागणीला गॅलरीत येऊन हाक मारायची. तुझ्या घरात ती वीस-पंचवीस जणं नाहीत. त्यांचं सगळ्यांचं काम तुझ्या एकटीवर आलंय, तेही सव्वासात ते साडेआठ या वेळात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. एका बाईने अख्खी आळी व्हायचं म्हटल्यावर तिला जांभई येणारच.

पण सासूबाईंच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. त्या बायका मुलांशी खेळत नसतील, स्वतः मात्र खेळायच्या. श्रावणातली मंगळागौर आठव. पूजा उरकली, जेवणं झाली, की रात्रभर जागरण. फुगड्या तरी किती तऱ्हेच्या! बसफुगडी, दंडफुगडी, जातं, शिवाय सूप नाचवणं, झिम्मा, पिंगा, कोंबडा. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बायका गुडघ्यांत वाकून कोंबड्यासारख्या उड्या मारायच्या आणि धाप लागेपर्यंत हसायच्या. नागपंचमीला झोके. आश्विनात भोंडला, तुमच्याकडे त्याला हादगा म्हणत असतील, आणि त्यात खिरापत ओळखायची ती चुरस. चाळिशीच्या बायका "तिखट की गोड? वाटून केलेलं की चिरून?" असं डोळे बारीक करून विचारायच्या आणि खिरापत ओळखता आली नाही, तर खरोखर हिरमुसायच्या. त्यातून कुणाला काही शिकायचं नव्हतं. कुणी त्यांना शाबासकी देणार नव्हतं. खेळ पंचांगातच लिहिलेला असल्यामुळे तो खेळायला सबब लागत नसे.

त्या काळाची आरती मी ओवाळणार नाही. वर्षातल्या मोजक्या रात्री सोडल्या, तर त्याच बायकांना मोठ्याने हसायचीसुद्धा चोरी होती. मंगळागौर सवाष्णींची. विधवा बाई, मग ती सोळा वर्षांची पोर का असेना, त्या फेरात नसायची. हे विसरून नुसतं "काय ते दिवस" म्हणणं मला जमत नाही. तरी एक गोष्ट खरी आहे. मोठ्या माणसाच्या खेळाला तेव्हा घरात हक्काची जागा होती आणि मुलं ती बघत मोठी व्हायची. तुझ्या लेकाने तुला खेळताना कधी पाहिलंय का? त्याच्याशी खेळताना म्हणत नाही मी. तुझं तुला खेळताना?

हा प्रश्न जरा बाजूला ठेव, त्याच्याकडे परत येते. आधी "तू शिकवतेस" याबद्दल.

साडेपाच वर्षांच्या पोराने इतकं नेमकं बोलावं, याचं मला कौतुक वाटलं. बालवाडीत नव्या येणाऱ्या ताईंना हीच गोष्ट समजावताना माझं अर्धं वर्ष जायचं. गाडी लाल आहे हे तुला माहीत असतं. तुला माहीत आहे, हेही त्याला माहीत असतं. मग तू विचारतेस कशाला? परीक्षा घ्यायला. तिकडे त्याच्या डोक्यात ती लाल गाडी म्हणजे कदाचित दवाखान्यात निघालेली अँब्युलन्स असेल आणि आत कुणीतरी फार आजारी असेल. अशा वेळी "हिचा रंग कुठला?" असं कुणी विचारलं, तर आपणही आतल्या खोलीतच गेलो असतो.

मला इथे अनुताई वाघ आठवतात. त्या स्वतः बालविधवा होत्या, म्हणजे ज्यांना फेरात जागा नव्हती त्यांच्यातल्याच एक. ताराबाई मोडकांबरोबर १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी आयुष्य वेचलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच त्यांच्या बालवाडीची खेळणी झाली. पण मला त्याहून मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज आपण सहज म्हणतो तो अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आलाय. मुलाला आपल्याकडे ओढण्यापेक्षा आपण त्याच्या अंगणात जायचं. तुझ्या लेकाचं अंगण म्हणजे गाड्यांचा तो रस्ता. तिथे तू पाहुणी आहेस. पाहुण्या बाईने घरातल्या वस्तू मोजत बसू नये.

मग तिथे जाऊन करायचं काय? त्यासाठी आपल्याच खेळांतला एक जुना शब्द तुला परत देते: कच्चं लिंबू. तुला आठवत असेलच. डबा ऐसपैस रंगात आलेला असायचा आणि कुणाचं तरी शेंबडं भावंड "मला पण घ्या" म्हणून भोकाड पसरायचं. त्याला घेतलं तर खेळ बिघडणार आणि नाही घेतलं तर त्याची आई ओरडणार. मग त्याला कच्चं लिंबू करायचं. ते आउट होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. ते सगळ्यांबरोबर धावतं, लपतं, ओरडतं. चुकलं तरी कुणी त्याला हसत नाही आणि हळूहळू बघून बघून खेळ शिकतं. हा नियम कुणा मोठ्या माणसाने केलेला नाही. पोरांनीच तो शोधून काढला. ज्याला अजून येत नाही, त्यालाही खेळात घ्यायची इतकी समजूतदार सोय मी मोठ्यांच्या कुठल्याच कचेरीत पाहिली नाही.

आता तू कच्चं लिंबू हो. आजच संध्याकाळी त्याच्या शेजारी जमिनीवर बैस आणि सांग, "मला हा खेळ नीट येत नाही. मी कच्चं लिंबू." त्याला हा शब्द माहीत नसेल तर समजावून सांग, फार आवडेल त्याला. मग तोच तुला सांगेल, तुझी गाडी कुठली, ती कुठे थांबणार, कुठे वळली तर अपघात. तू फक्त सांगेल ते कर आणि खरोखर न समजलेलंच विचार. "ही इथे का थांबली?" हा खरा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर तुला माहीत नाही. शब्दांची गंमत बघ. आपल्याकडे ज्याच्यावर डाव येतो, त्याच्यावर "राज्य" आलं म्हणतात. सकाळी डबा भरण्यापासून रात्री दार लावण्यापर्यंत घरातलं सगळं राज्य तुझ्यावर असतं. कच्च्या लिंबावर ते येत नाही. दमलेल्या बाईला याहून मोठी विश्रांती मला तरी सुचत नाही.

वेळ किती? पंधरा मिनिटं. रोज जमलं तर रोज, नाहीतर आठवड्यातून चार दिवस. मोबाइल स्वयंपाकघरातच राहू दे, डब्यात घालून झाकण लावलंस तरी हरकत नाही. पंधरा मिनिटांनंतर जीव उबला, तर जुनं हत्यार काढ: मूठ वळून तिला ओठ लावायचे आणि म्हणायचं "टाइमप्लीज". टाइमप्लीज म्हणणाऱ्याला कुणी पकडत नाही, हा नियम त्यालाही शिकव आणि त्यालाही तो हक्क दे. दीड तास अर्धं लक्ष देऊन बसण्यापेक्षा पंधरा मिनिटं पूर्ण बसून उघडपणे उठून जाणं मुलाला चालतं. आपली आई शेजारी बसली आहे, पण इथे नाही, हे मात्र त्याला लगेच कळतं आणि ते त्याला सोसत नाही.

एकविसाव्या फेरीचं म्हणशील, तर ती तुला आवडलीच पाहिजे असं काही नाही. त्याच्यासाठी प्रत्येक फेरी वेगळी असते. चाक गतिरोधकावर कसं उडालं, या वेळी किती लांब गेलं, असं त्याचं काही ना काही पडताळून बघणं चाललेलं असतं. आपण चार-पाच फेऱ्यांत ते ओळखतो आणि आपला जीव पुढे निघून जातो. त्या वेळी त्याला त्याचं खेळू दे, तू तुझं कर. पोळ्या लाटताना शेजारी कणकेचा एक गोळा आणि पोळपाटाचा एक कोपरा दिला, तरी मुलं अर्धा तास रमतात. मटार सोलायला बसलात, तर शेंग उघडायच्या आधी आत किती दाणे असतील याची पैज लाव. जिंकेल त्याने ते दाणे खायचे.

आता मघाचा प्रश्न. तुझं तुला खेळताना त्याने पाहिलंय का?

तू विचारलंस, ती बार्शीची मुलगी कुठे गेली. पत्रात तिचा पत्ता तूच लिहिला आहेस. सागरगोटे. पुढच्या वेळी माहेरी जाशील, तेव्हा माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, कुठल्यातरी गंजलेल्या डब्यात ते आहेत का बघ. नसतील तर आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात गजग्याच्या बिया मागून बघ. सागरगोटा म्हणजे गजग्याचीच बी. काटेरी शेंगेतून निघते, राखाडी, गुळगुळीत, हाताला गार लागणारी. पाच घे. रात्री भांडी आवरली, की फरशीवर मांडी घालून बैस आणि खेळ. एकटीच. त्याला हाक मारू नकोस. एक वर उडवायचा, खालचा एक उचलायचा, वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन. पहिल्या दिवशी बोटं ऐकणार नाहीत, झेल सुटतील, कदाचित रागही येईल. तो राग शुभ आहे बघ. हरल्याचा राग येतो, तिथे खेळ जिवंत असतो.

बालवाडीत मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. "चला मुलांनो, मातीकाम करूया" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या ताईकडे निम्मी मुलं जायची. कोपऱ्यात बसून, मान खाली घालून, स्वतःच्या तंद्रीत मातीची चूल करणाऱ्या ताईभोवती सगळी गोळा व्हायची. खेळायचं बोलावणं मुलं तोंडाच्या शब्दांतून घेत नाहीत, समोरच्याच्या रमण्यातून घेतात.

आणि हे मला माझ्याच घरी फार उशिरा कळलं. दिवसभर वीस मुलांना रमवून मी घरी यायचे, आणि माझी मुलगी खेळायला बोलवायची तेव्हा मला नको वाटायचं. दुसऱ्यांच्या मुलांसाठी गाणी म्हणणारी आई आपल्याशी खेळत नाही, हे तिला दिसत होतं आणि तिला दिसतंय हे मला दिसत होतं. एका उन्हाळ्यात भारनियमनामुळे संध्याकाळी दोन-दोन तास वीज जायची. मेणबत्ती लावली होती. मी हात पुसत होते आणि भिंतीवर सावली पडली. लहानपणी माझे आजोबा सावलीचं हरीण करून दाखवायचे. दोन बोटांची शिंगं, अंगठ्याने हलणारा जबडा. मी सहज केलं. जमेना. परत केलं. कान जमले. मग ससा, मग कुत्रा, मग कुत्रा सशाच्या मागे. किती वेळ गेला कोण जाणे. मागून मुलीचा आवाज आला, "आई, आता माझ्या कोल्ह्याला येऊ दे." ती केव्हा येऊन बसली होती मला कळलंही नव्हतं. वीज आली तेव्हा आम्ही दोघींनी एकदम "अरे!" म्हटलं आणि दिवा बंद केला. तिच्यासाठी म्हणून मी आणलेल्या खेळण्यांतलं एकही तिला आज आठवत नाही. कोल्हा आठवतो.

म्हणून तुला माझं कळकळीचं सांगणं आहे. त्याचे खेळ तुला आवडायलाच हवेत, या ओझ्याखाली राहू नकोस. तुला आवडणारा एक तरी खेळ घरात आण, मग त्याच्या पाठोपाठ बाकीचं येऊ दे. सागरगोटे नाहीतर पतंग. पतंग नाहीतर शब्दांच्या भेंड्या.

दोन गोष्टी अंगाच्या खेळाबद्दल. तू बँकेत दिवसभर बसून येतेस आणि तो शाळेत बसून येतो. दोघांची अंगं आंबलेली. अशा वेळी कधी कधी गाड्यांपेक्षा उशांची मारामारी बरी, गादीवरची कुस्ती बरी. याक पांक्सेप नावाच्या शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात उंदरांना गुदगुल्या केल्या आणि ध्वनी टिपणारी यंत्रं लावून ऐकलं. उंदीर माणसाच्या कानाला न कळणाऱ्या, ५० किलोहर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजात चिवचिवत होते. पिल्लं एकमेकांशी दंगामस्ती करतानाही तसाच आवाज काढत. आणि गुदगुल्या करणारा हात बाजूला घेतला, की पिल्लं त्या हातामागे धावत. मला ते वाचून माझ्या वर्गातली पोरं दिसली. दंगा करायची भूक फार जुनी आहे, आपण माणसं व्हायच्या आधीपासूनची. सोसायटीतली कुत्री बघ. खेळायचं असलं की पुढचे पाय जमिनीला टेकवून मागची बाजू वर करतात आणि समोरच्या कुत्र्याला कळतं, आता चावेल ते खोटं खोटं. माणसाची तशी खूण म्हणजे जमिनीवर येणं. सोफ्यावर बसून खेळणारी आई मुलाला अर्धीच आलेली वाटते. मात्र गुदगुल्या करताना त्याने "बस" म्हटलं, की त्या क्षणी थांबायचं. हसत हसत म्हणाला तरी थांबायचं.

सासूबाईंना यात घे. "आमच्या वेळी कोण बसत होतं पोरांशी खेळत" याच्यावर वाद घालू नकोस, उलट विचार, "तुम्ही काय खेळायचात?" माझी खात्री आहे, त्यांना चल्लस-आठ येत असेल. फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरांचा पट काढायला त्यांना सांग. चार कवड्या लागतात. सगळ्या उताण्या पडल्या तर चार, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसतील तर चिंचोके मधून फोडून घ्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. यात दानाचं नशीब मोठं असल्यामुळे साडेपाच वर्षांचा नातू सत्तरीच्या आजीला खरोखर हरवू शकतो, कुणाला मुद्दाम हरावं लागत नाही. मुद्दाम हरलेलं मुलांना कळतं ग, आणि त्यांचा त्यात अपमान होतो. या वयात तो रडीचा डावही खेळेल, कवडी हळूच उलटी करेल. त्यावर प्रवचन देऊ नका. आजीने एकदा "रडीचा डाव खडी" म्हटलं की पुरतं.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. तो रविवारी क्रिकेट खेळतो, हे चांगलंच आहे. पण रविवारी सकाळी त्याच्यावर कुकर नसतो. सव्वासात वाजता तुझ्यावर असतो. खेळायला मन मोकळं लागतं, आणि ओट्यावर भांडी पडलेली असताना बाईचं मन मोकळं राहत नाही, आपल्याला वाढवलंच तसं आहे. तेव्हा तुझी ती पंधरा मिनिटं चालू असताना डाळ-तांदूळ धुऊन कुकर त्याने लावायचा. तो उशिरा येत असेल, तर ज्या दिवशी लवकर येईल त्या दिवशी. हे तू उपकार मागितल्यासारखं सांगू नकोस. "आई अभ्यासाची" झाली ती तुझ्या स्वभावामुळे नव्हे. गृहपाठ, डबा, नखं कापणं, लवकर झोपवणं हे सगळं तुझ्या वाट्याला आलं म्हणून झाली. एखाद्या रविवारी क्रिकेट तू खेळ आणि गृहपाठ बाबा घेऊ देत. लेकाच्या डोक्यातल्या पाट्या आपोआप बदलतील.

आणि मी सुरुवातीला आळीचं बोलले, ती थोडी तरी परत जमव. तुझ्या इमारतीत त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान-मोठी अशी चार-पाच मुलं नक्की असतील. एखाद्या रविवारी संध्याकाळी त्यांना खाली बोलाव, एक रिकामा पत्र्याचा डबा घे आणि डबा ऐसपैस शिकव. कुणीतरी डबा लांब भिरकावतो, राज्य असलेला तो आणून जागेवर ठेवेपर्यंत बाकीचे लपतात. दिसेल त्याचं नाव घेऊन डब्यावर ऐसपैस करायचं, आणि न सापडलेल्याने येऊन डबा उडवला की राज्य परत शोधणाऱ्यावरच. पहिल्या रविवारी तुला पळावं लागेल. तिसऱ्या रविवारी तुझी गरज उरणार नाही आणि तू कठड्यावर बसून चहा पिशील. "येथे खेळू नये" अशी पाटी तुमच्या आवारात असेल आणि कुणी ती दाखवायला आलं, तर शांतपणे सांग, की मुलांचा खेळायचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात ३१व्या कलमात लिहिलेला आहे आणि भारताने १९९२ साली त्या कराराला मान्यता दिली आहे. मग गाड्या लावायची जागा सोडून कुठला कोपरा मिळेल, ते त्यांच्याच तोंडून वदवून घे.

एक गोष्ट मात्र जरा गंभीरपणे विचारते. कंटाळा मुलाच्या गाड्यांचाच आहे ना? की जेवण, गाणं, मैत्रिणीचा फोन, पूर्वी आवडायचं त्यातलं कशातच आता मन लागत नाही? झोप त्या एकाच रात्री लागली नव्हती, की आठवडेच्या आठवडे तुटक चालली आहे? सारखं रडू येतं का? असं दोन-तीन आठवडे सलग चाललं असेल, तर माझे हे सागरगोटे बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर. रात्री-अपरात्री कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रात सगळंच लिहून होतं असं नाही, म्हणून विचारलं.

मला दोन ओळी नक्की पाठव. डबा माळ्यावर सापडला का, आणि त्या लाल गाडीत नक्की कोण बसलंय. सागरगोटे कुठेच मिळाले नाहीत, तर तसंही कळव. माझ्याकडे नऊ आहेत, मला पाचच लागतात.

तुझी,
मावशी